माकुएनी: बुरशी बघायला गेलो आणि नदीने लुटलं

पहिलंच सांगतो, केनियात माकुएनीला अफ्लासेफ, म्हणजे मक्यातल्या विषावरचं जैविक औषध, बघायला जायचं असेल तर मक्याला तुरा यायच्या दोन-तीन आठवडे आधी जा, म्हणजे साधारण नोव्हेंबर संपता संपता किंवा डिसेंबर लागताना. नंतर गेलात तर फक्त मका दिसेल, आणि मका बघायला सिल्लोड सोडून एवढ्या लांब जायची काय गरज.

माझा मक्याचा धंदा, भाचा नैरोबीत. तो म्हणाला इथे हे औषध निघालंय, ये बघायला. मला वाटलं असेल काहीतरी फवारा. नैरोबी ते माचाकोस मटाटू, म्हणजे तिकडची वडाप, सोपं. पुढे कटुमनीला केनियाच्या सरकारी कृषी संशोधन संस्थेच्या आवारात अफ्लासेफचा कारखाना आहे, २०१८ पासून, तेही सोपं, ज्वारी भाजून तिची उगवण मारतात, वरून बीजाणू आणि निळा रंग चढवतात, झालं.

खरा घोळ वोटेच्या, म्हणजे माकुएनीच्या मुख्य गावाच्या, पुढे. बोडाबोडावाल्याला, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवाल्याला, विचारलं शेत किती लांब, तर म्हणे 'हापो तू', म्हणजे हे काय इथंच. २०० शिलिंग ठरले. हे 'इथंच' बावीस किलोमीटर निघालं राव, त्यातले शेवटचे सहा लाल चिखलाचे आणि मधे एक वाळूची नदी. अशा नद्या एरवी कोरड्या, पण रात्री वरती पाऊस झालेला, पाणी गुडघ्याला. गडी म्हणाला उतरा आणि ढकला. मी ढकलतोय, मागचं चाक वाळूत अर्धं गेलेलं, तेवढ्यात चार पोरं आली, त्यांनी गाडी उचलून पलीकडे नेली आणि प्रत्येकाने हात पुढे केला. पलीकडे गेल्यावर बोडावाला म्हणतो ९००. नदी मधे, मी काय बोलणार. तेव्हा भाव ठरवताना 'नदीपलीकडे, शेतापर्यंत, येऊन-जाऊन' हे सगळं बोलून घ्या, सुट्टे जवळ ठेवा आणि बूट चढवून जाऊ नका, जाड पट्ट्याची चप्पल बरी. रात्री पाऊस झाला असेल तर सरळ वोटेत मुक्काम करा.

शेत एका बाईंचं. तिकडे बाईमाणसाला मानाने मामा म्हणतात, मला दोन दिवस जिभेवर बसेना. मामांनी टोपलीतून निळी ज्वारी मुठीने फोकायला घेतली, एकराला ४ किलो. मी विचारलं औषध कुठंय? तर ज्वारी म्हणजेच औषध, आणि औषध म्हणजे बुरशीच! मी हबकलोच. आपण बुरशी मारायला आलो आणि ह्या पेरतायत.

तीन दिवसांपूर्वी फोकलेल्या ओळीत खाली बसून बघितलं तेव्हा उजेड पडला. ओल होती तिथे दाण्यावर पिवळट हिरवी लव आलेली, बोट लावलं की पूड. मक्यात विष करणारी बुरशी अस्परजिलस फ्लेवस आणि ही, जात एकच, पण या वाणांना विष करताच येत नाही. केनियाच्याच मातीतले असे चार वाण निवडलेत. ते वाऱ्याने, किड्यांनी कणसावर आधी जाऊन बसतात आणि विषारीला जागाच उरत नाही. रेल्वेत रुमाल टाकून सीट धरतात तसं. विष ८० ते १०० टक्के कमी होतं, आणि हेच वाण पुढे कणगीतही टिकतात.

बाजूच्या ओळीत माती कोरडी, तिथे दाणे तसेच निळे पडलेले आणि कोंबड्या टिपतायत. ओल नसेल तर पैसे मातीत. खुरपणी आधी उरकून घ्यायची, नंतर खुरपलं की दाणे गाडले जातात आणि काम संपलं.

मामा फार बोलल्या नाहीत, पण २००४ चं नाव काढल्यावर हात थांबला. त्या साली याच भागात, माकुएनी, किटुई, माचाकोसला, ओलसर साठवलेला मका खाऊन ३१७ जण आजारी पडले, १२५ गेले. आपण नाक मुरडायचं कारण नाही, १९७४ ला पंचमहाल आणि बांसवाड्यात आदिवासी पाड्यांवर मक्यानेच १०६ माणसं गेली. हे बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, दिसत नाही, उकडून जात नाही, उगाली, म्हणजे तिकडचा मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, कितीही घोटा. केनियात मर्यादा १० पीपीबी, म्हणजे किलोमागे १० मायक्रोग्रॅम. एवढं डोळ्याने काय डोंबल कळणार? आमच्याकडे अजून दाणा दाताखाली फोडून माल पास करतात, मीही करतो.

आणि एक, पिशवीभर दाणे बॅगेत घालून आणायचा मोह होईल, मलाही झाला. आणू नका. जिवंत बुरशी आहे, परवानगीशिवाय आणता येत नाही, आणि ते वाण तिकडच्या मातीचे, त्या त्या भागासाठी वेगळे शोधावे लागतात. उगाच शहाणपणा करून सिल्लोडात फोकाल.

बाकी दोन दिवस नैरोबीत, ठीक. यलो फीवरची लस निघायच्या किमान १० दिवस आधी घ्या, कार्ड परत येताना भारतात मागतात. आणि हो, शेतावरून येताना नदी कोरडी होती, तरी बोडावाल्याने ९०० च घेतले.