पाऊण तासाची घाई

झेब्राफिश हे छोटे पट्टेदार मासे उजाडताना अंडी घालतात. आमच्या प्रयोगशाळेतल्या माशांच्या खोलीत उजाडतं सकाळी नऊला, दिवे लागल्यावर. नर-मादी आदल्या संध्याकाळीच एका डब्यात ठेवलेले असतात, मध्ये पारदर्शक पडदी. ती काढली की थोड्या वेळात अंडी जाळीतून तळाशी पडतात. (जाळी नसेल तर आईबापच फस्त करतात!) पहिली पेशी दुभंगायला साधारण पाऊण तास लागतो. क्रिस्परची कात्री, म्हणजे हवं ते जनुक कापून बिघडवणारं साधन, शक्यतो त्याआधी अंड्यात जायला हवी. म्हणून काचेची सुई, अंड्यांची रांग आणि लाल रंग मिसळलेलं द्रावण यांत मी अडकलेली असताना मला कुणी चहालाही बोलावत नाही.

"माशाच्या मेंदूवरून माणसाचं काय कळणार गं?" असं काका दर दिवाळीत विचारतात. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांचे जोडीदार, म्हणजे त्यांच्याशी मिळतीजुळती जनुकं, या माशात आहेत, हे एक उत्तर. पण मला दचकण्याचं उदाहरण जास्त आवडतं. पाच-सहा दिवसांच्या पिल्लाजवळ टक्कन आवाज केला की काही मिलिसेकंदांत ते अंगाची कमान करून पळतं. त्यामागे मुख्यतः माउथनर नावाच्या दोन मोठ्या चेतापेशी असतात, डावीकडे एक, उजवीकडे एक. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या अर्णब घोष यांच्या गटाने २०२१ मध्ये एफएमएन२ या जनुकाबद्दल लिहिलं. माणसात त्यातला बिघाड बौद्धिक अक्षमतेशी जोडला गेला आहे. माशात ते बिघडवलं तर पिल्लू दचकतं, पण उशिरा. कारण माउथनरला चेतवणाऱ्या पेशींचे तंतू नीट वाढलेलेच नसतात. जोडणीतली चूक हाय-स्पीड कॅमेऱ्यात अशी मोजता येते.

म्हणूनच 'ऑटिझम झालेला मासा' असं कुठे वाचलं की माझं डोकं फिरतं. २०१६ च्या एका अभ्यासात ऑटिझमशी संबंधित सीएनटीएनएपी२ जनुकाच्या माशातल्या दोन्ही जोडीदारांना निकामी केलं, तेव्हा पिल्लं रात्री जास्त हालचाल करू लागली. दिसली ती हालचाल, ऑटिझम नव्हे. त्यावर औषधं तपासता येतात, हे कमी आहे का?

आणि सुई टोचलेल्या माशावर सहसा काही सिद्ध होत नाही. त्याच्या काही पेशींत बदल असतो, काहींत नसतो. तो तीनेक महिने वाढवायचा, साध्या माशाशी जुळवायचा, मग पिल्लांतून तोच बदल असलेली जोडी शोधायची. परीक्षा नातवंडांची. त्यांत साधारण चारांत एकाकडे त्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात. कोणाकडे, ते चित्रण संपेपर्यंत आम्ही मुद्दाम तपासत नाही.