बॉनेटवर ७१ मायक्रॉन
ग्राहकाच्या अंगणात जाऊन गाडीच्या रंगाची निगा राखणे हा माझा व्यवसाय आहे. मे महिन्यात गोव्यातल्या डिचोलीजवळच्या एका गावी निवृत्त मास्तरांकडे गेलो होतो. पुण्यातल्या मुलाने पैसे भरून गाडीला मशीन पॉलिश आणि त्यावर सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावरचा संरक्षक लेप, सांगितले होते. गाडी २०१० सालची, मरून मेटॅलिक, आणि मास्तर ती रोज सकाळी स्वतः पुसत आलेले.

धुताना मी दोन बादल्या वापरतो. एकीत शॅम्पू, दुसरीत साधे पाणी आणि दोन्हींच्या तळाशी जाळी असते, त्यामुळे हातमोज्यातून सुटलेली माती पुन्हा रंगावर जात नाही. लोहकण विरघळवणारे रसायन फवारल्यावर दारांवरून जांभळे ओघळ आले, तेव्हा मास्तर घाबरले. तो रंग नसून ब्रेकमधून उडालेले लोखंड आहे, हे समजल्यावर मात्र ते खुर्ची घेऊन जवळच बसले.

पॉलिश करताना रंगाचा वरचा थर थोडा घासला जातो, म्हणून रंगाची जाडी मोजल्याशिवाय मी पॉलिशच्या मशीनला हात लावत नाही. आमच्यातले अनेक जण जाडी मोजायचे यंत्र विकतच घेत नाहीत आणि एखाद्या कडेचा रंग उडाला की ‘आधीपासूनच तसे होते’ म्हणून मोकळे होतात. कारखान्यातून आलेल्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) भरतात आणि त्यांतला वरचा पारदर्शक थर जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा असतो. आकडे टिपायला मास्तरांनी आपणहून वही आणली. दारे ११५, छताचा मध्य ११८, बॉनेटचा मध्य ८८ आणि बॉनेटची चालकाकडची कड ७१.

तिथे मशीन फिरवले असते, तर खालचा रंग उघडा पडला असता. मी मुलाला फोन केला. ‘नाइन एच’ कोटिंगमुळे पातळ रंगालाही कवच मिळेल, अशी त्याची समजूत होती. तो आकडा पेन्सिलीने घेतलेल्या कठीणपणाच्या चाचणीचा असतो, पण विक्रेते तो असा मिरवतात की लोकांना गाडीवर काच बसल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात तो थर एक-दोन मायक्रॉनचा असतो. त्यावर घाण कमी चिकटते आणि पाणी घरंगळून जाते, परंतु झिजलेला रंग त्याने भरून येत नाही.

झीज कशाने झाली, हे मला केव्हाच कळले होते. २०१२ साली खाणकाम थांबेपर्यंत, आणि पुन्हा सुरू झाल्यावर २०१८ पर्यंत, या भागात खनिजाचे ट्रक चालत आणि ओसरीवरसुद्धा लाल धूळ साचत असे. ती धूळ गाडीच्या पारदर्शक थरापेक्षा कितीतरी कठीण असते. मास्तर ती कोरड्या पंच्याने पुसत होते, म्हणजे रोज थोडा पॉलिश पेपर फिरवत होते. खाणी थांबल्या तरी सवय सुटली नाही.

बॉनेटच का झिजले, असे त्यांनी विचारले तेव्हा मी म्हणालो, “ऊन, मास्तर. आपल्याकडचे ऊन फार कडक.”

त्यांनी वही पुन्हा पाहिली. “ऊन तर छतावर जास्त पडते,” ते म्हणाले. “तिथे ११८ आहे.” मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने, गणिताचे उत्तर तपासावे तशा आवाजात, ते म्हणाले, “छताच्या मध्यापर्यंत माझा हात पोहोचत नाही.”

मी खोटे बोललो ते त्यांना वाईट वाटू नये म्हणून. पण त्यामुळे ते उत्तर त्यांना एकट्याने शोधावे लागले, आणि ते अधिक वाईट झाले की काय, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

बॉनेट सोडून बाकी गाडीचे काम ठरल्याप्रमाणे केले. बॉनेटला हाताने मेण लावले आणि तेवढे पैसे मुलाला परत पाठवले. निघताना मी सांगितले की धूळ दिसली तरी कोरडे कापड लावायचे नाही, आधी पाण्याचा फवारा मारायचा आणि आठवड्यातून एकदाच धुवायचे. मास्तरांनी ते आकड्यांच्या खाली लिहून घेतले.

“मग रोज सकाळी मी काय करू?” त्यांनी विचारले.