रुंदी नेमकी कोण ठरवते?

वेबपेजवरचा एखादा बॉक्स दिलेल्या जागेत मावत नाही, बटण शेजारच्या मजकुरावर चढते किंवा मोबाइलवर संपूर्ण पान आडवे सरकू लागते, तेव्हा बहुतेक जण स्टाइलशीटमध्ये (पान कसे दिसावे हे सांगणाऱ्या सीएसएस नियमांच्या फाइलमध्ये) आणखी एक ओळ लिहून मोकळे होतात. आधी विड्थ बदलून पाहायची, मग हाइट, मग उणे मार्जिन आणि काहीच जमले नाही तर ओव्हरफ्लो: हिडन, म्हणजे बाहेर गेलेला भाग लपवून टाकायचा. तेवढ्यापुरते पान नीट दिसतेही, पण दोष जागच्या जागी राहतो आणि मजकूर बदलताच पुन्हा डोके वर काढतो. आकाराच्या बहुतेक तक्रारी एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतात, असे माझे ठाम मत आहे: या एलिमेंटचा, म्हणजे पानावरच्या घटकाचा, आकार आपण लिहिलेली संख्या ठरवते, त्याचा पॅरेंट (त्याला सामावणारा बाहेरचा बॉक्स) ठरवतो, की आतला मजकूर? याचे उत्तर मिळेपर्यंत एकही नवी प्रॉपर्टी लिहू नये.

एक साधे उदाहरण घेऊ. 300 पिक्सेल रुंदीच्या बॉक्समध्ये मजकूर भरायचे एक इनपुट आहे आणि त्याला 100 टक्के विड्थ, डावीउजवीकडे 20-20 पिक्सेल पॅडिंग (मजकूर आणि बॉर्डर यांमधली मोकळी जागा) आणि 1 पिक्सेलची बॉर्डर दिली आहे. प्रत्यक्षात ते 342 पिक्सेल जागा घेते, कारण सीएसएसच्या मूळ नियमानुसार विड्थ म्हणजे फक्त आतल्या मजकुराची रुंदी. पॅडिंग आणि बॉर्डर तिच्यावर चढतात. बॉक्स-सायझिंग: बॉर्डर-बॉक्स लिहिले की तीनही गोष्टी 300 मध्ये बसतात. बटण आणि सिलेक्ट (पर्याय निवडायची यादी) यांना ब्राउझर आपणहून बॉर्डर-बॉक्स लावतो, मजकुराच्या इनपुटला मात्र लावत नाही, त्यामुळे एकाच फॉर्ममध्ये सारखी रुंदी देऊनही त्यांच्या कडा जुळत नाहीत. बॉर्डर-बॉक्सचा नियम स्टाइलशीटच्या सुरुवातीलाच सर्व एलिमेंटना, तसेच सीएसएसमधूनच तयार होणाऱ्या बिफोर आणि आफ्टर या स्यूडो-एलिमेंटना लावून टाकावा, म्हणजे हा विषय कायमचा मिटतो.

उंचीचे गणित याच्या उलट चालते. रुंदी साधारणपणे पॅरेंटकडून खाली येते, तर उंची मजकुराकडून वर जाते. म्हणूनच चाइल्डला (आतल्या एलिमेंटला) हाइट: 100 टक्के लिहिले आणि पॅरेंटची उंची ऑटो, म्हणजे ब्राउझरवर सोडलेली, असली, तर त्या टक्क्यांना आधारच उरत नाही आणि ब्राउझर ती व्हॅल्यू ऑटो समजतो. पॅरेंट स्वतःची उंची चाइल्डकडून घेत असताना चाइल्डने पॅरेंटकडे बोट दाखवून चालणार नाही, इतका हा सरळ मामला आहे. मजकूर असलेल्या बॉक्सला पक्की उंची देणे मला तर मुळातच पटत नाही. वाचकाने अक्षरे मोठी केली की ओळी वाढतात आणि त्या उंचीबाहेर सांडतात. देवनागरीत तर वेलांट्या आणि उकार कापले जाण्याची भीती वेगळीच. तिथे मिन-हाइट (किमान उंची) लिहावी, म्हणजे बॉक्स गरजेनुसार वाढू शकतो.

सर्वांत जास्त वेळ खातो तो फ्लेक्सबॉक्स, म्हणजे एलिमेंट एका ओळीत मांडण्याची सीएसएसची पद्धत. 320 पिक्सेल रुंदीच्या एका ओळीत डावीकडे 64 पिक्सेलचे, न आकसणारे चित्र आहे, मधे 16 पिक्सेलचा गॅप आहे आणि उजवीकडे मजकुराचा बॉक्स आहे. मजकुराला 240 पिक्सेल उरतात. आता त्यात मधे कुठेही न तुटणारा एक लांबलचक वेबपत्ता आला आणि त्याची रुंदी 380 पिक्सेल भरली, तर फ्लेक्स-श्रिंक 1 (जागा कमी पडल्यास आकसण्याची मुभा) असूनही मजकुराचा बॉक्स आकसत नाही आणि ओळ 140 पिक्सेल बाहेर जाते. याचे कारण कुठेही लिहिलेले दिसत नाही: फ्लेक्स आयटमची (अशा ओळीतल्या एलिमेंटची) मिन-विड्थ, म्हणजे किमान रुंदी, मुळातच 0 नसून ऑटो असते आणि ऑटोचा इथला अर्थ ‘आतल्या सर्वांत लांब अखंड तुकड्याहून लहान होऊ नकोस’ असा आहे. इथे रुंदी मजकूर ठरवतो आहे, पॅरेंट नव्हे. त्या आयटमला मिन-विड्थ: 0 दिले की तो 240 पिक्सेलमध्ये येतो.

बॉक्स आवरला तरी पत्ता अजून बाहेरच लोंबत असतो, त्याची सोय ओव्हरफ्लो-रॅपने, म्हणजे न मावणारा शब्द तोडू देणाऱ्या प्रॉपर्टीने, करावी लागते. इथे एक बारीक फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ब्रेक-वर्ड आणि एनीव्हेअर या दोन्ही व्हॅल्यू लांब शब्द तोडतात, पण किमान रुंदी मोजताना ब्राउझर फक्त एनीव्हेअरच्या तुटण्याच्या जागा जमेस धरतो, ब्रेक-वर्डच्या नाही. म्हणून मिन-विड्थला हात न लावता केवळ एनीव्हेअर लिहूनही वरची ओळ सुधारते, ब्रेक-वर्ड लिहून सुधारत नाही.

मजकूर एकाच ओळीत ठेवून शेवटी तीन टिंबे दाखवायची असतील, तर ओव्हरफ्लो: हिडन, व्हाइट-स्पेस: नोरॅप आणि टेक्स्ट-ओव्हरफ्लो: एलिप्सिस हे तिन्ही नियम परिच्छेदाला लावूनही टिंबे दिसत नाहीत, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. परिच्छेद ज्या फ्लेक्स आयटममध्ये आहे तोच पसरत असतो, त्यामुळे परिच्छेदाला कापण्याची वेळच येत नाही. फ्लेक्समध्ये फ्लेक्स असेल, तर मिन-विड्थ: 0 प्रत्येक पातळीवर द्यावी लागते. ग्रिडमध्येही (ओळी आणि कॉलम यांच्या मांडणीत) हाच स्वभाव दिसतो: 1एफआर, म्हणजे मोकळ्या जागेचा एक वाटा, हा प्रत्यक्षात मिनमॅक्स(ऑटो, 1एफआर), म्हणून कॉलम खरोखर समान हवे असतील तर मिनमॅक्स(0, 1एफआर) असे लिहावे.

पान आडवे सरकत असेल आणि गुन्हेगार सापडत नसेल, तर सर्व एलिमेंटना तात्पुरती आउटलाइन (कडेभोवतीची रेषा) द्यावी. बॉर्डर देऊ नये, कारण बॉर्डर जागा घेते आणि तपासायचे मापच बदलून टाकते. आउटलाइन जागा घेत नाही. कडेबाहेर गेलेली रेषा बहुधा लगेच दिसते. मग ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये कम्प्युटेड टॅब उघडून त्या एलिमेंटची खरी रुंदी पाहावी. पानाला गुंडाळणाऱ्या बॉक्सला ओव्हरफ्लो: हिडन लावून सुटका करून घेणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की त्यामुळे तो बॉक्स स्वतःच स्क्रोल कंटेनर (आतला मजकूर सरकवणारा बॉक्स) बनतो आणि आतले स्टिकी, म्हणजे पान सरकताना वर चिकटून राहणारे, हेडर चिकटेनासे होते. कापणे खरोखरच आवश्यक असेल, तर ओव्हरफ्लो: क्लिपमुळे हा घोळ होत नाही.

डेस्कटॉपवर आडवा स्क्रोलबार येण्यामागे पुष्कळदा 100व्हीडब्ल्यू (ब्राउझरच्या खिडकीची पूर्ण रुंदी) असते, कारण जागा व्यापणाऱ्या उभ्या स्क्रोलबारची रुंदीही त्यात धरलेली असते. साध्या ब्लॉक एलिमेंटला तर विड्थ लिहिण्याचीच गरज नसते. ऑटोमध्ये ते पॅरेंटची रुंदी भरून काढते आणि मार्जिनही सांभाळते.

मोबाइलवर 100व्हीएच ही पडद्याची पूर्ण उंची बहुतेक ब्राउझर पत्त्याची पट्टी लपलेली आहे असे धरून मोजतात, त्यामुळे पट्टी दिसत असताना पडद्याच्या तळाशी ठेवलेले बटण झाकले जाते. डीव्हीएच हे उंचीचे दुसरे एकक पट्टीबरोबर बदलत राहते आणि त्यामुळे मांडणी हलू शकते, म्हणून असे बटण सतत दिसायला हवे असेल तिथे मी एसव्हीएच हे तिसरे एकक पसंत करतो. पट्टी दिसत असतानाची, म्हणजे सर्वांत कमी, उंची ते धरते. जुन्या ब्राउझरसाठी 100व्हीएचची ओळ आधी लिहून तिच्याखाली 100एसव्हीएचची ओळ ठेवावी. ज्याला दुसरी समजत नाही तो ती सोडून देतो आणि पहिलीच वापरतो.