एकटीचा संघ आणि आमच्या बाई

आमच्या वेळी नववीत गेलं की मुलीनं एकच खेळ धरायचा, असा अलिखित नियम होता. दोन खेळ म्हणजे अभ्यासाचं वाटोळं! मला खो-खोही हवा होता आणि अडथळ्यांची शर्यतही. वडील सोलापूरच्या गिरणीत कामाला. ते म्हणायचे, आधी दहावीचं गणित बघ, मग पळ कुठं पळायचं ते.

एके दिवशी खेळाच्या बाई घरी आल्या आणि चहा होईपर्यंत वडिलांना टेक्सासच्या बेब डिड्रिक्सनची गोष्ट सांगत बसल्या. १९३२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत ही बाई एकटीच एका विमा कंपनीचा संघ म्हणून उतरली. भाला टाक, गोळा फेक, लगेच उडीच्या खड्ड्याकडे धाव, असं करत तिनं ३० गुण मिळवले. दुसरा आलेला इलिनॉयचा २२ जणींचा संघ २२ वर थांबला. मग लॉस एंजेलिस ऑलिंपिक. बायकांना तीनच वैयक्तिक प्रकारांची मुभा. तिनं भालाफेक आणि ८० मीटर अडथळे यांत सुवर्ण घेतलं. उंच उडीत पहिल्या मुलीइतकीच उडी मारली, पण डोकं आधी पलीकडे गेलं म्हणून पंचांनी तिला रौप्य दिलं. इथं वडील पंचांवरच भडकले आणि माझं काम झालं. पुढं ती गोल्फमध्येही अव्वल ठरली, हे त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. तिचा नवरा पैलवान होता, हे मात्र बाईंनी मुद्दाम शेवटी सांगितलं.

आमचे अडथळे म्हणजे दोन बाकांवर आडवा ठेवलेला बांबू. बाई म्हणायच्या, "खो-खोत पाटीवरून उठतेस तशीच सुट. पहिली पावलं खाली वाकून, डोकं वर नको. ताठ झालीस की गडी निसटला." खो-खोतली ही सवय शर्यतीच्या सुरुवातीला जशीच्या तशी कामी आली. दोन खेळ एकमेकांचे वैरी नसतात, हे मला तिथं कळलं.

बेब फुशारक्या मारण्यात कमी नव्हती आणि बरोबरीच्या मुलींना ती नकोशी व्हायची, हे पुढं वाचलं. मला तरी ती आवडतेच.

एक भाग बाईंनी सांगितलाच नव्हता. १९५३ मध्ये तिला आतड्याचा कर्करोग झाला. शस्त्रक्रियेत पोटावर शौचाचा मार्ग काढावा लागला. पुढच्याच वर्षी तिनं यूएस विमेन्स ओपन ही गोल्फची स्पर्धा १२ फटक्यांच्या फरकानं जिंकली. त्या काळात आजाराविषयी ती चारचौघांत बोललीसुद्धा. १९५६ मध्ये, ४५ व्या वर्षी ती गेली.

मी परिचारिका झाले आणि शस्त्रक्रियेच्या वॉर्डात हाच भाग जास्त उपयोगी पडला. असा मार्ग काढून पोटाला शौचाची पिशवी लागली की आमच्याकडच्या बायका लग्नकार्य सोडतात, गड्ड्याची यात्रा सोडतात. मी त्यांना बेबची गोष्ट सांगते. एका आजींनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते खरं गं, पण तिला निऱ्या कुठं खोचायच्या होत्या?"

प्रश्न रास्त होता. मग पडदा ओढून आम्ही दोघींनी परकराची नाडी पिशवीच्या वर, जरा सैल बांधून पाहिली, वरून साडी नेसवली आणि आजींना वॉर्डात एक फेरी मारायला लावली. आता पिशवी लागलेल्या प्रत्येकीला आधी नाडीचं सांगते, बेबचं मागाहून.