कम्युटेटरच्या दोन काळ्या पट्ट्या

६ मे, आचरा

आज सकाळी बाबांनी नवे रंधा मशीन पुन्हा त्याच्या खोक्यात भरले आणि माळ्यावरचा जुना लाकडी रंधा खाली काढला. हे मशीन मी १८ एप्रिलला कणकवलीच्या दुकानातून ५,८०० रुपयांना घेतले होते. पतसंस्थेत नोकरीला लागल्यापासून थोडे थोडे बाजूला टाकलेले ते पैसे होते, आणि चाळीस वर्षे हाताने रंधा मारून बाबांचा उजवा खांदा आता रात्री ठणकतो, एवढेच खरेदीचे कारण होते. तोंडवळीच्या एका घराच्या फणसाच्या चौकटी आणि खिडक्या मिरगाआधी बसवून द्यायच्या आहेत. मशीनमुळे ते काम वेळेत होईल असे वाटत असतानाच, वापराच्या सहाव्या दिवशी, त्याच्या झरोक्यांतून पिवळ्या ठिणग्यांचे वर्तुळ दिसू लागले, वार्निश जळाल्यासारखा वास आला आणि लाकडाला टेकवताच मोटरचा आवाज खाली बसू लागला.

“माझाच कायतरी चुकला आसतला गो,” बाबा म्हणाले. मला बिघाडापेक्षा या वाक्याचा त्रास अधिक झाला. ज्या माणसाने आयुष्यात एकही पटाशी गंजू दिली नाही, त्याने दुसऱ्याच्या कारखान्यातला दोष इतक्या सहज आपल्या हातावर घ्यावा, हे मला सहन होत नाही.

७ मे

नव्या मशीनच्या कार्बनमधून, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या ठोकळ्यांतून, सुरुवातीला बारीक निळसर ठिणग्या निघणे स्वाभाविक असते, कारण कार्बनचा सपाट माथा घासून कम्युटेटरच्या, म्हणजे त्या फिरत्या भागावरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्याच्या, गोलाईवर नीट बसायला काही तास जावे लागतात. आमच्या मशीनच्या ठिणग्या मात्र लांब, पिवळ्या आणि कम्युटेटरभोवती फिरणाऱ्या होत्या, आणि त्या दिवसेंदिवस कमी होण्याऐवजी वाढत गेल्या. बाजारातला मोटर रिवाइंडिंगवाला म्हणाला की, मशीन उघडून आर्मेचर, म्हणजे मोटरचा तारा गुंडाळलेला फिरता भाग, तासाभरात तपासता येईल. पण आधी वॉरंटी कार्ड वाचा, असेही त्यानेच सांगितले. कार्डावर स्पष्ट लिहिले आहे की अधिकृत केंद्राबाहेर मशीन उघडल्यास वॉरंटी संपते, आणि कार्बन, पट्टा व पाती यांना ती मुळातच लागू नाही. त्याच्या या प्रामाणिकपणाबद्दल मला मनापासून आदर वाटला.

संध्याकाळी प्लग काढून ठेवला आणि बाबांनी दोन्ही बाजूंच्या बाहेरच्या टोप्या फिरवून कार्बन बाहेर घेतले. कार्बन बदलण्यासाठी हे काम वापरणाऱ्यानेच करायचे असते, त्यामुळे सील तुटत नाही. मग त्या छिद्रातून मी टॉर्चचा उजेड टाकला आणि बाबांनी पात्यांचा रूळ हाताने सावकाश फिरवला, तसा पट्ट्याला जोडलेला आर्मेचरही आत फिरू लागला. कम्युटेटरच्या बाकी सगळ्या तांब्याच्या पट्ट्या स्वच्छ, किंचित तपकिरी होत्या. एकमेकींना लागून असलेल्या दोनच पट्ट्या काळ्या पडून कडांना खरवडल्यासारख्या झाल्या होत्या. मशीनवर अतिरिक्त भार पडून मोटर जळते तेव्हा सगळी वाइंडिंग, म्हणजे तारेची गुंडाळणी, सारखी तापते आणि काळेपणा सर्वत्र पसरतो. दोनच पट्ट्या जळाल्या असतील, तर त्यांना जोडलेल्या एका कॉइलमध्ये किंवा तिच्या जोडात दोष असण्याची शक्यता फार मोठी असते. मी त्यांचे चार फोटो काढले. बाबा बराच वेळ त्या छिद्रातून पाहत राहिले, पण काही बोलले नाहीत.

९ मे

कणकवलीच्या दुकानदाराने बिलाच्या तळाशी छापलेली ओळ दाखवली: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. त्याचा स्वर वाईट नव्हता. “ताई, हे आता कंपनी बघणार, आम्ही काही करू शकत नाही,” असे त्याने समजावणीच्या सुरात सांगितले. परंतु २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, दोषयुक्त माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानतो. आमचा आज एकविसावा दिवस आहे. मी वाद घातला नाही. तारीख, बिल क्रमांक आणि दोषाचे वर्णन असलेला अर्ज दिला आणि पोच म्हणून माझ्या प्रतीवर दुकानाचा शिक्का मागून घेतला. तो शिक्का नसता, तर आम्ही ३० दिवसांच्या आत गेलो होतो हे पुढे सांगायला आमच्या हाती काहीच राहिले नसते.

११ मे

कंपनीचे सेवा केंद्र कोल्हापूरला आहे. फोंडा घाटातून एसटीने मशीन मांडीवर घेऊन गेले. जमा करताना पावतीवर ‘मशीन चालत नाही’ एवढेच लिहिले जात होते; तेथे मी ‘सील अखंड, दोन लगतच्या पट्ट्या जळालेल्या, फोटो दाखवले’ असे लिहायला लावले.

१७ मे

केंद्रातून फोन आला. ओल्या लाकडावर दाबून वापरल्यामुळे मोटर जळली आहे, वॉरंटी लागू होत नाही आणि २,४०० रुपये भरावे लागतील, असे सांगण्यात आले. लाकूड दोन वर्षे पडवीत सुकलेले आहे, हे मी सांगितले आणि फोटोंची आठवण करून दिली, तेव्हा कारण बदलले: तुमच्या कोकणात व्होल्टेज कमी असते. आपल्याकडे घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा असून तो त्याच्या सहा टक्के खाली-वर, म्हणजे साधारण २१६ ते २४४ असणे मान्य आहे. पतसंस्थेच्या वायरमनने दिलेल्या मल्टिमीटरने मी आठवडाभर सकाळ-दुपार पडवीतल्या सॉकेटचे आकडे वहीत उतरवले होते, आणि त्यांतला सर्वांत कमी आकडा २१९ होता. तोही सांगितला. मग तिसरे कारण आले: तुमचे वडील धंदा करतात, म्हणजे हा व्यावसायिक वापर झाला.

हे शेवटचे ऐकताना मला राग आवरणे कठीण गेले. स्वतःच्या हातांनी कष्ट करून पोट भरणाऱ्या माणसाने त्याच कामासाठी घेतलेले हत्यार हा कायद्याच्या दृष्टीने व्यावसायिक हेतू ठरत नाही. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी वस्तू वापरणारा माणूस ग्राहकच राहतो, असे कायद्यातच स्पष्टीकरण आहे. सुताराला विकण्यासाठी बनवलेले यंत्र सुताराने वापरले हा त्याचा अपराध कसा होतो, हे मी फोनवरच्या त्या मुलाला विचारले. त्याच्याकडे उत्तर नव्हते, आणि ते त्याने द्यावे अशी अपेक्षाही खरे तर अन्यायाची होती, कारण तो वरून आलेलेच वाचून दाखवत होता.

रात्री १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या क्रमांकासाठी सगळे कागद लावून ठेवले. सकाळी फोन करीन. तेथे मराठीत बोलता येते. त्यानेही झाले नाही, तर ओरोसच्या जिल्हा आयोगाकडे जाता येईल. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची सोय आता आहे, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. बाबांना हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “कित्याक एवढा? अडीच हजार देवन् टाक.” मी देणार नाही, असे सांगितले. ते पैसे भरले असते, तर चूक त्यांचीच होती असे आम्ही दोघांनी लिहून दिल्यासारखे झाले असते.

२५ मे

हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यानंतर पाचव्या दिवशी कंपनीच्या दुसऱ्या अधिकाऱ्याचा फोन आला होता. त्याने फोटो ईमेलने मागवले, प्रश्न दोनच विचारले आणि मशीन पुन्हा तपासायला सांगतो म्हणाला. बाबा जुन्या रंध्यानेच काम करत आहेत. एक चौकट झाली. रात्री खांद्याला तेल लावून दिले.

२ जून

मशीन आले. जॉब शीट, म्हणजे दुरुस्तीचा कागद, इंग्रजीत होती. ‘आर्मेचर बदलले, उत्पादनातील दोष, शुल्क नाही’ असे त्यातले मराठीत वाचून दाखवले. नव्या आर्मेचरला स्वतंत्र मुदत नसून मूळ वॉरंटीचे उरलेले महिनेच लागू राहतील, हेही मी विचारून लेखी घेतले आहे.

बाबांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि विचारले, “दोष खंय लिवलोहा?” मी ओळीवर बोट ठेवले. त्यांनी ती न कळणारी अक्षरे चष्म्यातून नीट पाहिली, कागदाची घडी करून गुण्या आणि पाणसळ ठेवतात त्या पेटीत ठेवली आणि पडवीत जाऊन मशीनचा प्लग लावला. तोंडवळीच्या दोन खिडक्या अजून बाकी आहेत.