त्रिकोण शिकवायला आजीच आली

मी जव्हारकडच्या एका शाळेत चौथीला शिकवते. भूमितीचा तास म्हणजे पोरं नुसती गप्प, त्रिकोणाची व्याख्या घोकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी सगळं साफ विसरलेलं. मग एकदा एका मुलीच्या आजीलाच वर्गात बोलावलं. त्यांनी तांदळाचं पीठ पाण्यात कालवलं, बांबूची काडी घेतली आणि गेरूच्या भिंतीवर वारली चित्रात असतात तसे टोकाला टोक लावून दोन त्रिकोण काढले की झालं माणसाचं अंग, वर गोल डोकं! पोरं एकदम बोलायला लागली, तेही वारली बोलीत, घरी बोलतात तसं. लग्नात भिंतीवर काढतात तो चौक, तारपा हे फुंकवाद्य वाजवणाऱ्याभोवती गोल गोल फिरणारा नाच, सगळं त्यांना आधीच माहीत होतं ना. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसेंना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, आपल्याच जिल्ह्यातले, हे सांगितल्यावर तर डोळे असे चमकले!

मला खरंच वाटतं की पोरांच्या घरातलं ज्ञान आपण शाळेच्या दाराबाहेर ठेवतो आणि वर त्यांनाच कच्ची म्हणतो, हे फार चुकतंय. आता पुढच्या आठवड्यात अपूर्णांक आहेत, तर त्याच आजींना विचारलंय, भाताची वाटणी कशी करतात ते दाखवायला याल का, हो म्हणाल्यात.