कायद्यात बसतं, मग ‘एथिकली’ चूक कसं?

वैद्यकीय संशोधनाची संमतिपत्रकं मी मराठीत आणते, त्यामुळे शीर्षकातला प्रश्न मला नेहमी विचारला जातो. तुम्हीही विचारलंत म्हणून लिहिते.

एथिकली, म्हणजे ‘नीतीच्या नियमांना धरून’, हे इंग्रजी क्रियाविशेषण आहे. गोष्ट कशी केली, कुणाशी कसं वागून केली, हे ते विचारतं. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स यांच्या कर्करोगाच्या गाठीतल्या पेशी संशोधनासाठी काढून घेतल्या गेल्या. त्यांना कुणी विचारलं नाही. त्या काळी विचारायचं बंधनही नव्हतं. त्या पेशी प्रयोगशाळेत वाढतच राहिल्या, पोलिओच्या लशीच्या कामीही आल्या. कायदा मोडला नाही, जगाचं भलं झालं, तरी मी त्याला चूकच म्हणते. जिचं शरीर होतं, तिला ‘नको’ म्हणायची संधीच मिळाली नाही. पुढे झालेल्या भल्याने ती संधी तिला परत मिळत नाही.

अमेरिकेतल्या टस्कीगीच्या प्रयोगाबद्दल तर वादालाही जागा नाही. १९३२ ते १९७२ या काळात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने सिफिलिस झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना, पेनिसिलिन मिळू लागल्यावरही, उपचारांविना ठेवलं आणि ‘उपचार चालू आहेत’ असं भासवलं.

मग ‘मॉरली’, म्हणजे ‘स्वतःच्या सदसद्विवेकाला धरून’, वेगळं का? बोलताना लोक दोन्ही एकाच अर्थाने वापरतात, आणि पुष्कळदा ते चालतं. पण वकिलाचं उदाहरण घ्या. आपला अशील दोषी आहे असं वाटत असूनही तो मनापासून बचाव करतो. त्याच्या पेशाच्या नियमांप्रमाणे तो एथिकली बरोबर वागतोय. मॉरली त्याला रात्री झोप लागणार नाही कदाचित. शिवाय ‘मॉरली सर्टन’ म्हणजे ‘जवळजवळ खात्रीच’. तिथे नीतीचा संबंध उरत नाही.

मला खरी काळजी वाटते ती लेबलवरच्या ‘एथिकली सोर्स्ड’ची, म्हणजे ‘नीतीने मिळवलेलं’ या दाव्याची. त्यात कर्ता सापडत नाही. हिऱ्यांचंच बघा. २००३ पासून किंबर्ली प्रक्रिया या कच्च्या हिऱ्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेचं प्रमाणपत्र आहे आणि त्याचा उपयोगही झाला. पण ते ज्यांना रोखतं ते हिरे म्हणजे बंडखोर गटांनी सरकारविरुद्धच्या युद्धाला पैसा पुरवण्यासाठी विकलेले कच्चे हिरे. खाणीत कोण राबलं, त्याचं वय काय, मजुरी किती मिळाली, हे त्या व्याख्येत येत नाही. म्हणून हा शब्द दिसला की विक्रेत्याला विचारा: कुणी काढलं, त्याला काय मिळालं, आणि हे तपासलं कुणी?